अकरावा नग

सुताराने पुढे केलेला तो एवढासा शंख शिंपलेकाकांनी गुपचूप खिशातच राहू दिला असता, तर त्यांच्या पदरात पडणार होतं ते असं: परवा निवृत्त झाल्यावर दोन वर्षांची मुदतवाढ. अडतीस वर्षं स्टुलावर काढल्यानंतर एक हातांची खुर्ची. नव्या दालनाच्या दाराशी पितळी पाटीवर नाव. आणि ज्या गोगलगायीला त्यांचं नाव दिलं होतं, ती गोगलगाय कायमची त्यांच्या नावावर. जाणार काहीच नव्हतं. खिशातली थोडी जागा, तीही शर्टाच्या गुंडीपेक्षा कमी.

“बी आहे का कसलं, काका?” सुताराने विचारलं.

“कुठं मिळालं?”

“कपाटाच्या मागच्या पायाशी. फळ्यांच्या फटीत. हा कापसाचा बोळा पण होता. टाकू का?”

नवं दालन करायचं म्हणून शंखांच्या खोलीतलं मोठं कपाट त्या दिवशी कित्येक वर्षांनी जागचं हललं होतं. काकांनी भिंग डोळ्याला लावलं. साडेपाच वेढे, पिवळट रंग, तोंडाशी पांढरा, बाहेर दुमडलेला ओठ. खरं तर भिंगाची गरज नव्हती. माणूस आपलं अक्षर ओळखतो तसा त्यांनी तो ओळखला. कापसाचा बोळा मात्र दोनदा उलटून पाहिला.

“राहू दे माझ्याकडे.”

“कामाचं आहे?”

“बघू.”

काकांनी शंख आणि बोळा कागदाच्या पुडीत बांधून खिशात घातले. सुताराचं समाधान झालं नाही, पण त्याला अजून तीन कपाटं हलवायची होती.

त्यांना शिंपलेकाका म्हणणंच मुळात चूक होतं. शिंपल्याला दोन पाळ्या असतात, शंख एकसंध असतो, आणि काकांचं आयुष्य गेलं ते शंखांत. त्यातही समुद्रातल्या मिरवणाऱ्या शंखांत नव्हे, पालापाचोळ्याखाली गुमान राहणाऱ्या गोगलगायींच्या शंखांत. हा फरक त्यांनी पहिली दहा वर्षं संग्रहालयातल्या प्रत्येकाला समजावून सांगितला. पुढची अठ्ठावीस वर्षं हाकेला ओ दिली.

संग्रहालयात ते लागले पुसणारा म्हणून. शाळा सातवीत सुटलेली, अक्षर मात्र छापल्यासारखं. ते पाहून शंखविभागाच्या दाढीवाल्या डॉक्टरांनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं, टाक दिला आणि जुन्या चिठ्ठ्या नव्याने उतरवायला बसवलं. महिन्याभराने काकांनी भीत भीत विचारलं, की साहेब, हे व्हल्गारिस नावाचे गृहस्थ कोण, त्यांनी संग्रहालयाला फारच शंख दिलेले दिसतात. व्हल्गारिस म्हणजे लॅटिनमध्ये सर्वसाधारण, कुठेही मिळणारा. डॉक्टर दाढी धरून हसले आणि हसून झाल्यावर त्यांनी कपाटातून एक जुना शब्दकोश काढून दिला. पुढचं वर्षभर द्वारपालापासून हिशेबनिसापर्यंत सगळे काकांना व्हल्गारिस म्हणत होते. त्याच वर्षभरात काकांनी तो शब्दकोश संपवला.

मग त्यांना नादच लागला. सुट्टी मिळाली की चाळण काखेला मारून शहराबाहेरच्या डोंगरावर जायचं, झाडाखालची माती चाळायची, संध्याकाळी नखांत काळं घेऊन घरी यायचं. बायको म्हणायची, दुसऱ्यांचे नवरे बाहेर जाऊन निदान माती खातात, आमचे ती निवडत बसतात. एकदा त्या चाळणीत अकरा बारीक शंख उरले आणि संग्रहालयाच्या नोंदवहीत ‘गोळा करणारा’ या रकान्यात काकांचं नाव पहिल्यांदा लागलं. ‘नग’ या रकान्यात अकरा. मोठ्या शंखावर शाईने क्रमांक घालतात. इतक्या लहानावर तो मावत नाही; असे शंख चिठ्ठीसकट काचेच्या नळीत ठेवतात आणि नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावतात. चिठ्ठी नसलेला शंख म्हणजे खडा, असं काका शाळेतल्या मुलांना नेहमी सांगत. कुठून आला हे ठाऊक नसेल तर तो कुणाचाच नाही.

त्यानंतर वर्षभराने ती दुपार आली. बायको हॉस्पिटलात होती, दुसऱ्या बाळंतपणासाठी, ज्यातून पुढे ती एकटीच घरी आली. चार वर्षांच्या मुलीला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता, म्हणून त्या आठवड्यात काका तिला बरोबर आणत, बिस्किटांचा पुडा देऊन स्टुलावर बसवत. त्या दुपारी त्यांना फोनसाठी खाली बोलावलं. फोन दोन मिनिटांचा होता. जिना चढून परत यायला त्यांना बराच वेळ लागला.

वर आले तर मुलीने खण उपसून टेबलावर संसार मांडला होता. मोठा शंख, त्याच्याजवळ मधला, त्याच्याजवळ लहान. “हे बाबा, ही आई, ही मी,” तिने बोट ठेवून दाखवलं. मग मूठ उघडली. “आणि हे आपलं बाळ.”

काका रागावले नाहीत. त्या क्षणी कुणालाच रागावता आलं नसतं. तिला मांडीवर घेऊन त्यांनी एका हाताने सगळं जागच्या जागी लावलं. मोठ्यांवर क्रमांक होते. ते पाच, कुठल्याशा दूरच्या बेटावरचे, सरळ आपल्या ट्रेत गेले. बारक्यांपैकी दहा आपल्या नळीत गेले. राहिलं मुलीच्या मुठीतलं बाळ. ते जरा तपकिरी होतं. बेटाच्या चिठ्ठीवर पूर्वीच्या कुणी आळशाने लिहून ठेवलं होतं, ‘मोठे पाच, लहान काही’. आता काही म्हणजे किती ते त्यालाच ठाऊक. नळीच्या चिठ्ठीवर मात्र स्वच्छ अक्षरात अकरा होते, अक्षर काकांचंच. दहांत एक घातला, अकरा झाले. नळीचा बोळा काही सापडेना, म्हणून त्यांनी नवा केला.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी ती नळी भिंगाखाली घेतली आणि खुर्चीतून उभेच राहिले. दहा शंख नेहमीचे होते. अकरावा जगात कुणी पाहिलेला नव्हता. काका चाचरत म्हणाले, की साहेब, ही नळी मागे एकदा सांडली होती.

“मोजणी जुळते ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“जुळते.”

“मग झालं तर.”

डॉक्टरांनी लेख लिहिला. लेखाखाली स्वतःचं नाव घातलं आणि गोगलगायीला काकांचं, आडनावाला लॅटिन शेपूट लावून. लेखावर डॉक्टर संचालक झाले, गोगलगायीवर काका पुसणाऱ्याचे संग्रह सहायक झाले. त्या शंखाला लाल ठिपक्याची स्वतंत्र डबी मिळाली. ज्या नमुन्यावरून अख्ख्या जातीला नाव दिलं जातं, त्यालाच हा मान. बायको म्हणाली, “यात डॉक्टरांनी संशोधन काय केलं? गोगलगायीला तुमचं नाव मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी दिलं असतं.” पण शेजारणींना तिने सांगितलंच. मुलीने तर शाळेत सांगितलं, कॉलेजात सांगितलं, आणि होणाऱ्या नवऱ्याला हो म्हणण्यापूर्वी हे सांगून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो हसला असता तर लग्न मोडणार होतं. जावई शहाणा निघाला.

अडचण एवढीच, की त्या गोगलगायीचा दुसरा नग कधी मिळाला नाही. काका सतरा वेळा त्या डोंगरावर जाऊन आले. नंतर डोंगरच खडीसाठी फोडायला घेतला आणि जाण्याचं निमित्त संपलं. पुढे त्यांची नजर इतकी तयार झाली, की परदेशातले प्रोफेसर खोकी भरून शंख त्यांच्याकडे ओळखायला पाठवत. पण लाल ठिपक्याची डबी त्यांनी पुन्हा कधी भिंगाखाली घेतली नाही. पाहुण्यांना दाखवत, तेही हातभर अंतरावरून.

आणि आता नळीतला खरा अकरावा कपाटाखालून बाहेर आला होता, आपला बोळाही बरोबर घेऊन.

दुपारी तीनला संशोधक मुलगी आली. विद्यापीठातर्फे तिने तीन वर्षं याच गोगलगायीचा माग काढला होता. फोडलेल्या डोंगराचा जो तुकडा शिल्लक होता तो तिने गुडघ्यांवर बसून चाळला होता, आणि गुडघे तिशीच्या आतच कुरकुरायला लागले होते. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. निष्कर्ष ठरलेला: ही गोगलगाय नामशेष झाली. आताच्या संचालकांना तो इतका आवडला, की त्यांनी नामशेष प्राण्यांचं दालनच काढलं आणि त्याच्या मधोमध ठेवायला बैलाएवढी प्लास्टरची गोगलगाय करून घेतली. आज फक्त डबीतल्या शंखाचे फोटो काढायचे बाकी होते.

काका स्टुलावर बसून तिच्याकडे पाहत राहिले. खिशातली पुडी मांडीला टोचते आहे असं त्यांना उगाच वाटत होतं. गप्प बसलं तर या पोरीला पदवी मिळते, संचालकांना दालन मिळतं, घरी लेकीची मान ताठ राहते आणि भिंतीवरच्या तसबिरीत डॉक्टरांची दाढीही हलत नाही. डोंगर तर फोडून झालाच आहे. इतकं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं खोटं काकांनी अडतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी पुडी आणखी खोल सरकवली.

फोटो झाले. मुलीने डबी बंद केली, पण कॅमेरा पिशवीत घालेना.

“सर, एक बोलू?”

“बोल की.”

“मला ती नाही सापडली.” तिने मान वर केली नाही. “खूप शोधली हो. शेवटी शेवटी तर वाटायचं, परत जाऊन तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू. तुमच्या नावाची होती ती. मला माफ करा.”

काकांना आयुष्यात एकदाच सांत्वन ऐकून घ्यावं लागलं होतं, हॉस्पिटलच्या त्या आठवड्यात. तेव्हाही लोक असंच खाली बघून, याच आवाजात बोलले होते. ते त्यांनी घेतलं होतं, कारण ते त्यांचं होतं. हे घेता येईना.

ते उठले आणि आपलं स्टूल त्यांनी तिच्याकडे सरकवलं.

“बस. ती तिथं नव्हती.”

“हो ना, आता नाहीच आहे, तेच तर मी—”

“कधीच नव्हती.”

पुडी त्यांनी टेबलावर उघडली. बेटाचा ट्रे काढला, लाल ठिपक्याची डबी उघडली आणि तिच्यातला शंख इतक्या वर्षांनी भिंगाखाली घेतला. जे दिसणार हे ठाऊक होतं तेच दिसलं. मोठ्या पाचांवर होत्या त्याच बारीक उभ्या रेघा, तोच तपकिरी रंग. फक्त ओठ अजून वळायचा राहिलेला, पूर्ण वाढ होण्याआधी असतो तसा. भिंग त्यांनी मुलीकडे दिलं.

“नवी जात नाही ही. बेटावरचीच आहे,” ते म्हणाले. “लहान आहे, एवढंच.”

मुलगी बराच वेळ भिंगातून बघत होती. मग भिंग खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी गुडघे चोळले.

“दोन वर्षं आधी सापडायचं होतं हे.”

“किंवा दोन वर्षं नंतर,” काका म्हणाले.

“ते जास्त बरं झालं असतं,” ती म्हणाली आणि थकल्यासारखी हसली. “कसं झालं हे?”

“नळी सांडली. माझ्या हातून.”

तिने ते वहीत टिपून घेतलं. जाताना दाराशी थांबली आणि तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं का, असं तिने विचारलं. कुणालाच नाही, काका म्हणाले.

“मग?”

काही तरी वजनदार बोलावं असा तो प्रसंग होता, पण काकांना तसलं कधी सुचत नसे.

“तू माफी मागितलीस ना,” ते म्हणाले.

संचालकांनी सगळं ऐकलं ते दार लावून. मुदतवाढीचा कागद त्यांच्यापुढे सहीसाठीच पडलेला होता. ऐकता ऐकता त्यांनी तो दोन बोटांनी फाइलीखाली सारला. एकतीस वर्षं हे माहीत असून तुम्ही लपवलंत, असं ते म्हणाले. माहीत नव्हतं, काका म्हणाले, मी स्वतःला विचारलंच नाही. हे उत्तर कुठल्या नियमात बसवायचं ते संचालकांना कळेना. शेवटी खऱ्या दुखण्यावर येत त्यांनी विचारलं, की बैलाएवढ्या त्या प्लास्टरचं आता करायचं काय. काकांनी मनापासून सुचवलं, की तिला शोभेसाठी लावलेला ओठ तासून काढला तर बेटावरच्या पिल्लाशी ती बरीच जुळेल. संचालक हसले नाहीत. काकाही विनोद करत नव्हते.

नोंदवही मागवून काकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: नळी सांडली, माझ्या हातून अदलाबदल झाली, अकरावा नग आज कपाटाखाली मिळाला. खाली सही केली. नळी सांडल्याची तारीख लिहिली आणि आजची लिहिली. अक्षर अजून छापल्यासारखंच होतं.

घरी लेक आलेली होती, परवाच्या निरोपसमारंभासाठी. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. काकांनी चपला काढता काढता सांगून टाकलं, जेवढं वहीत लिहिलं होतं तेवढंच. लेकीला आधी ते खरं वाटेना. मग तिला राग आला, आणि तिचा राग लहानपणापासून मोठ्या आवाजाचा.

“तू सांडलीस? तू, बाबा? मी सगळ्यांना सांगत सुटले इतकी वर्षं. आता काय सांगू सासरी?”

“चूक झाली होती म्हणून सांग.”

“इतका निष्काळजी कसा झालास रे तू?”

“झालो खरा,” काका म्हणाले.

बायकोचा हात घडीवर थांबला. तिने विचारलं, कुठल्या साली सांडली. काकांनी साल सांगितलं. तिने महिना विचारला. काकांनी तो सांगितला नाही. पायातली उरलेली चप्पल काढायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

“तेव्हा ही तुमच्याबरोबर यायची ना कामावर?” बायको म्हणाली.

“यायची.”

“मला नाही काही आठवत,” लेक अजून घुश्शातच होती. “बिस्किटं आठवतात फक्त.”

बायकोने लेकीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. हातातली घडी तिने मोडली आणि पुन्हा घातली.

“चाळीस वर्षांत तुमच्या हातून कप फुटला नाही,” ती हलकेच म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. एवढंच. त्या विषयावर त्या घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

निरोपसमारंभ संग्रहालयाच्या बोळातच उरकला. हार, चार शब्द, चहा. भाषण करणाऱ्यांना अडचण अशी होती, की सगळ्यांनी गोगलगायीवरच भाषण बसवलं होतं आणि ऐनवेळी ते मधून कापावं लागलं. त्यामुळे कार्यक्रम लवकर संपला. चादर पांघरलेली प्लास्टरची गोगलगाय मागे उभी होती. हिशेबनिसाने तिच्यावर आपली छत्री टांगून ठेवली होती. लेक पहिल्या रांगेत बसली होती आणि टाळ्या जरा बेतानेच वाजवत होती.

लोक पांगल्यावर काका शंखांच्या खोलीत आले. किल्ल्या द्यायच्या होत्या, त्याआधी एक काम राहिलं होतं.

कुणाला काय भरावं लागलं ते पाहिलं तर हिशेब असा लागतो. डॉक्टरांना काही नाही. ते वेळेवर गेले. संचालकांच्या अंगावर एक प्लास्टरची गोगलगाय पडली. संशोधक मुलीची बावीस पानं आणि सहा महिने गेले. पुढे पदवी मिळाली, पण गुडघे गेले ते गेलेच. लेकीने भरला एक अभिमान, आणि बापावरचा एक राग तिने जवळ ठेवून घेतला, तो अजून आहे; ते बिल मुळात कुणाच्या नावाचं होतं हे तिला कुणी सांगितलं नाही, सांगणारही नाही. बायकोने तिचं त्याच आठवड्यात, एकतीस वर्षांपूर्वी, सगळं भरून टाकलेलं होतं. बाकी खुर्ची, पाटी, मुदत आणि नाव, हे काकांनी.

त्यांनी कपाटाखाली मिळालेला शंख नळीत सोडला. दहा होते, अकरा झाले. मग डबीवरचा लाल ठिपका नखाने खरवडून काढला आणि आतला शंख चिमटीत धरून बेटाच्या ट्रेत ठेवला, मोठ्या दोघांच्या मधे. चिठ्ठीवरचं ‘लहान काही’ एका रेघेने खोडून त्यांनी वर लिहिलं, ‘लहान एक’. शाई वाळेपर्यंत स्टुलावर बसून राहिले. मग खण आत सारला, हळू, आतलं काही हलू नये इतका हळू.